शिकाऊ विमानात ट्रॅफिकचा इशारा कानात यायला हवा: विदर्भातल्या धावपट्ट्यांवरून

बिरसीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे विमान उडवणारे मोजके आणि विमानांची आवड असणारे बरेच आहेत. तरी विषय सगळ्यांपुढे ठेवतोय, कारण गोंदिया, अमरावती, चंद्रपूरकडे वैमानिक व्हायला येणाऱ्या मुलामुलींचे पालकही इथे वाचतात. मी गोंदियाच्या बाजूला उड्डाण प्रशिक्षक आहे.

माझं म्हणणं असं आहे की दोन-चार आसनांच्या विमानात, जवळ येणाऱ्या दुसऱ्या विमानाचा इशारा हेडसेटमध्ये बोलून आला पाहिजे. पडद्यावर ठिपका दिसतो, तेवढ्यावर भागत नाही.

आमचं सुरुवातीचं सगळं उड्डाण डोळ्यांच्या भरवशावर चालतं. नजर बाहेर, दुसरं विमान दिसलं की वाट द्यायची. पण डोळ्याची पोच किती, याचा हिशेब मी मुलांना आधीच मांडायला लावतो. समोरासमोर येणारी दोन छोटी सेस्ना विमानं, प्रत्येकी १०० नॉट. म्हणजे मधलं अंतर ताशी ३७० किलोमीटरने कमी होतंय, सेकंदाला साधारण १०३ मीटर. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, एफएएचा जुना हिशेब सांगतो की काहीतरी दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. त्यातले ५ सेकंद ‘हे माझ्यावरच येतंय’ हे उमगण्यात जातात आणि ४ सेकंद कुठे वळायचं ते ठरवण्यात. हात-पाय हलवायला अर्धा सेकंदही लागत नाही. याचा अर्थ समोरचं विमान निदान १.३ किलोमीटरवर दिसायलाच हवं. तेवढ्या अंतरावर समोरून येणारं सेस्ना म्हणजे पंखांची एक बारीक रेघ असते, आणि खाली धानाच्या बांध्या, धुरे, झाडं यांच्या पार्श्वभूमीवर ती रेघही हरवते.

त्यात आणखी एक अडचण. टक्कर होणार असेल तर ते विमान काचेवर हलत नाही, जागच्या जागी मोठं होत जातं. हलणारी वस्तू डोळा लगेच पकडतो, थिजलेली सुटते. जे विमान काचेवरून सरकताना दिसतं ते सहसा बाजूने निघून जातं.

एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत या विषयावर काम झालं आहे. तिथे निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: आधी सावध केलेल्या वैमानिकाने १ सेकंद शोधणं हे सावध न केलेल्याने ८ सेकंद शोधण्याइतकं कामाचं ठरतं. आता हे सावध करणं पडद्यावरून केलं तर माणूस आधी पडद्याकडे बघतो, ठिपका शोधतो, वर की खाली ते वाचतो, मग मान वर करतो. कानात ‘ट्रॅफिक, टू ओ’क्लॉक, हाय, वन माइल’ (नाकाची दिशा बारा धरून दोनच्या दिशेला, वर, एक मैलावर) आलं तर नजर बाहेरच राहते आणि थेट तिथे जाते. समोरासमोरच्या हिशेबात एक नॉटिकल मैल १८ सेकंदांत संपतो. त्यातले चार-पाच सेकंद पडद्यावर घालवणं परवडत नाही.

विदर्भात हे आत्ताच का बोलायचं? गोंदियाच्या बिरसी विमानतळावर शिकाऊ विमानं बरीच वर्षं उडताहेत, पण डिसेंबर २०२३ पासून इंडिगोची प्रवासी विमानंही येतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं एटीआर (पंख्याचं प्रवासी विमान) सुरू झालं, तिथेच एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे आणि तिच्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली गेली आहे. आकाश मोठं दिसतं, पण सगळ्यांना हवा असलेला तुकडा तोच, धावपट्टीभोवतीचा. आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दहा-अकरानंतर हवा इतकी उसळते की नवख्याला उडवणं कठीण, त्यामुळे सगळ्यांची उड्डाणं पहाटेच्या दोन-तीन तासांत दाटतात.

अनुभव असणाऱ्यांनी लिहा. विरोधी मत असेल तर आवर्जून लिहा.

धानबांधी

सर, मी कामठ्याकडचा. आमच्या बांधीवरूनच तुमची विमानं वळतात जी. रोवणीच्या दिवसांत बाया मान वर करून बघतात, पोरं तर रोजच मोजतात. मले एक सांगा, आमाले खालून दोन-दोन विमानं एकाच वेळी साफ दिसतात. मग वरच्याले वरचा दिसत नाही का जी?

बिरसीवाला

धानबांधी भाऊ, प्रश्न अगदी मर्माचा आहे. तुम्हाला विमान मोकळ्या आभाळावर दिसतं, वर आवाजही ऐकू येतो, म्हणून मान त्या दिशेला वळते. आम्हाला आमच्याच इंजिनच्या आवाजात दुसऱ्याचं इंजिन कधीच ऐकू येत नाही. शिवाय प्रत्येक विमानाला आंधळ्या जागा असतात. सेस्ना १५२ चे पंख छपरावर, त्यामुळे वरचं दिसत नाही, आणि वळताना तर ज्या बाजूला वळायचं तीच बाजू पंखाने झाकली जाते. डायमंड डीए४० किंवा पायपरचे पंख खाली, त्यामुळे खालचं दिसत नाही. खाली पंख असलेलं विमान वर आणि छपरावर पंख असलेलं त्याच्या खाली, दोघंही एकाच धावपट्टीकडे उतरताहेत, अशी जोडी जमली तर दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. तुम्ही बांधीतून दोघांनाही बघत असता.

टॉवरवरून_निवृत्त

विषय चांगला घेतलात. मी हवाई वाहतूक नियंत्रणात होतो, त्यामुळे थोडं माझ्या बाजूने.

आपल्या देशात या विषयाची किंमत आपण फार मोठी मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्यूशिन ७६ हवेत आदळली. ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा, म्हणजे टीकॅस, सक्तीची झाली. तिच्या आवाजाचे दोन टप्पे असतात. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’, म्हणजे लक्ष ठेवा. मग गरज पडली तर ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’, आणि तो हुकूम असतो. १ जुलै २००२ ला जर्मनीत उबरलिंगेनवर एका वैमानिकाने यंत्राऐवजी नियंत्रकाचं ऐकलं, ७१ जण गेले. तेव्हापासून जगभर पक्कं झालं की अशा वेळी यंत्राचा हुकूम आधी.

शिकाऊ विमानातला आवाज या दुसऱ्या प्रकारचा नाही. तो फक्त कुठे बघा एवढं सांगतो, काय करा हे सांगत नाही. हा फरक मुलांच्या डोक्यात पक्का हवा. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत टीकॅस बघून आलेलं मूल छोट्या विमानात आवाज ऐकताच दांडी ओढायला जाईल.

दुसरं, बिरसीवाले सरांनी एटीआरचा उल्लेख केला म्हणून. एटीआरमधलं टीकॅस तुमच्या ट्रान्सपाँडरला (रेडिओवर आपली ओळख आणि उंची परत पाठवणाऱ्या यंत्राला) प्रश्न विचारून तुम्हाला शोधतं. तुमचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर त्याचं महागडं यंत्र तुमच्यापुरतं निकामी; चालू असून उंची पाठवत नसेल तर ते फार तर ‘ट्रॅफिक’ म्हणेल, चढा की उतरा हे सांगू शकणार नाही. कानात आवाज यावा असं वाटत असेल तर आधी आपण स्वतः ऐकू जाण्याजोगं असलं पाहिजे.

वऱ्हाडी_पंख

मी विरोधी मत मांडतो, राग मानू नका. 

हेडसेटमध्ये आधीच काय कमी आवाज आहेत? टॉवर, दुसऱ्या विमानांची बोलणी, शेजारी प्रशिक्षक, स्टॉलचा (पंखांची उचल सुटत असल्याचा) भोंगा. त्यात आणखी एक बाई ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणत राहिली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, चार विमानं असली की ती थांबतच नाही. पुढचं विमान दिसतंय, त्याच्या मागे आपण क्रमांक दोनवर आहोत हे ठाऊक आहे, तरी दर अर्ध्या मिनिटाला तेच. मग मूल दोनपैकी एक करतं, आवाज बंद करतं किंवा ऐकायचं सोडून देतं. दुसरं जास्त वाईट, कारण बाहेरून कळतच नाही.

फ्रान्समध्ये तुलूझला यावर प्रयोग झाले आहेत. सिम्युलेटरमध्ये वैमानिक कठीण उतरणीत गुंतलेले असताना धोक्याचा भोंगा वाजवला, तर त्यातल्या कित्येकांना तो ऐकूच आला नाही. कानात वाजला, पण मेंदूने घेतला नाही. ज्या क्षणी इशाऱ्याची सगळ्यांत जास्त गरज, नेमका त्याच क्षणी कान आधी बंद होतात. 

मला वाटतं शिस्तीचा रेडिओ आणि फिरती नजर या दोनच गोष्टी शिकवाव्यात. यंत्र पुढे लायसन्स मिळाल्यावर.

बिरसीवाला

वऱ्हाडी_पंख दादा, राग कसला. तुलूझच्या प्रयोगांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि सर्किटमधला त्रासही खरा आहे. पण त्यावरून आवाज नको असं मी म्हणणार नाही. आवाज कधी बोलेल आणि कधी गप्प राहील हे ठरवा, असं म्हणेन. सर्किटमध्ये इशाऱ्याची कक्षा आवळायची, सरावाच्या क्षेत्रात सैल करायची. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते, पण ती कुणी वापरत नाही.

पडद्यावर विसंबण्याचं काय होतं याचं उदाहरण अलास्कातलं आहे आणि ते प्रत्येक प्रशिक्षकाने वाचावं. १३ मे २०१९, केचिकन. पर्यटकांना घेऊन फिरणारी पाण्यावर उतरणारी दोन विमानं, एक बीव्हर आणि एक ऑटर, हवेत आदळली. सहा जण गेले. दोन्ही विमानांत एडीएस-बी होतं, म्हणजे रेडिओवर आपली जागा सांगणारी आणि इतरांची ऐकणारी यंत्रणा. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या तपासात निघालं ते असं: ऑटरमधली जुनी यंत्रणा काढून नवी बसवली तेव्हा इशारा देण्याची सोयच गेली. जुनी यंत्रणा आवाज देत असे, नव्या जोडणीत नुसता ठिपका उरला. वैमानिकाने पडद्याकडे पाहिलं होतं ते टकरीच्या काही मिनिटं आधी. त्यानंतर तो बाहेर धबधबा दाखवण्यात आणि उडवण्यात गुंतला, आणि ते त्याचं कामच होतं. दुसरीकडे ऑटरमधून उंचीची माहिती प्रक्षेपित होत नव्हती, म्हणून बीव्हरमधल्या टॅब्लेटलाही इशारा देता आला नाही. पैसे खर्च करून बसवलेली दोन यंत्रं, आणि दोघंही मुकी.

ऑस्ट्रेलियातलं मँगलोर (व्हिक्टोरिया राज्यातलं, आपल्या कर्नाटकातलं नव्हे) तसंच. १९ फेब्रुवारी २०२० ला दोन इंजिनांची दोन विमानं, दोन्हींत प्रशिक्षक किंवा परीक्षक बसलेले, आदळली. चौघं गेले. तपास यंत्रणेने नंतर गणित मांडून दाखवलं की दोघांना एकमेक दिसायला पुरेसा वेळच मिळाला नसता, आणि कॉकपिटमध्ये एडीएस-बीची माहिती दिसत किंवा ऐकू येत असती तर सावध व्हायला बराच आधी वाव मिळाला असता. त्यात नवखं कुणी नव्हतं. शिस्तीचा रेडिओ आणि फिरती नजर या दोन्ही गोष्टी त्यांना येत होत्या.

माझ्या स्वतःच्या अनुभवातलंही सांगतो. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जाणाऱ्या टप्प्यावर होतो, विद्यार्थिनी उडवत होती, दोघांचीही नजर धावपट्टीकडे आणि पुढच्या विमानाकडे. कानात ‘फोर ओ’क्लॉक, लो’ आलं. आमचं पंख खाली असलेलं विमान, त्या कोनात आम्ही आपणहून कधीच बघितलं नसतं. तिने लगेच पंख उचलला आणि खाली पाहिलं. एक विमान सरावाच्या क्षेत्रातून परतताना आमच्या खालून चढत येत होतं. तिने रेडिओवर जागा सांगितली, ते वळलं. सगळं सात-आठ सेकंदांत. पडद्यावर तो ठिपका होताच, पण त्या वेळी पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि नसायलाच हवं होतं.

सोनेगाव_हँगर

मी एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं काम करतो, नागपूरला. आवाज हवा यावर वाद संपला असं धरून पुढचं लिहितो, कारण आवाज येत का नाही हे मला रोज विचारतात.

पहिली गोष्ट स्वतःचंच विमान. एडीएस-बी आउट असलेलं विमान सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतं. तुमच्या मांडीवरचा रिसीव्हर, म्हणजे इशारा देणारं हातातलं यंत्र, तेही ऐकतो. प्रत्येक विमानाला एक ठरलेला २४ बिटांचा पत्ता असतो, तो रिसीव्हरमध्ये भरला नाही तर त्याला वाटतं आपल्याच जागी, आपल्याच उंचीवर दुसरं विमान आहे, आणि तो बोंब मारत सुटतो. शाळांमध्ये एकच यंत्र आज या विमानात, उद्या त्या विमानात फिरतं. पत्ता बदलायचा राहतो. मग मुलं म्हणतात की हे खोटं बोलतं, आणि बंद करतात. वऱ्हाडी_पंख दादांनी लिहिलेल्या त्रासातला बराच भाग इथून येतो.

दुसरी गोष्ट हेडसेटचं बटण. ब्लूटूथवाल्या चांगल्या हेडसेटच्या दोरीवर एक छोटा डबा असतो, त्यावर आवाजाची चाकं आणि एक बारीक सरकपट्टी. ही पट्टी एका बाजूला असली की रेडिओ आणि ब्लूटूथचा आवाज मिसळून येतो. दुसऱ्या बाजूला असली की रेडिओवर कुणी बोललं की ब्लूटूथचा आवाज दाबला जातो. गाणी ऐकणाऱ्यांसाठी दुसरी सोय बरोबर आहे. इशाऱ्यासाठी ती घातक, कारण रेडिओवर सगळे बोलत असतात तेव्हाच विमानं जवळ असतात, आणि नेमका तेव्हाच इशारा दाबला जातो. पट्टी इतकी बारीक असते की नख लावून सरकवावी लागते आणि बॅगेतून काढताना आपोआप सरकते. उड्डाणाआधीच्या तपासणीत ती बघा. यंत्राच्या सेटिंगमध्ये चाचणीचा आवाज असेल तर तो वाजवून, त्याच वेळी शेजाऱ्याला इंटरकॉमवर बोलायला लावून ऐका.

तिसरी गोष्ट आपला उन्हाळा. टॅब्लेट बनवणारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. मे महिन्यात काचेच्या छताखाली पार्किंगमध्ये उभ्या विमानात काय तापमान असतं हे मी सांगायला नको. टॅब्लेट तापला की आधी पडदा मंदावतो, मग तापल्याची सूचना दाखवून बंद पडतो. ज्या यंत्राचा आवाज टॅब्लेटमार्गे येतो त्याचा आवाजही तिथेच संपतो, आणि कुणी सांगत नाही की संपला. शांतता म्हणजे आसपास कुणी नाही, असं मूल समजतं. म्हणून विदर्भात मी नेहमी म्हणतो, विमानातच बसवलेली, ऑडिओ पॅनेलला तारेने जोडलेली यंत्रणा असेल तर तीच. हातातलं यंत्र वापरायचंच असेल तर ते सावलीत ठेवा, हवेची नळी त्याच्याकडे वळवा, काळं कव्हर काढा.

आणि कुणी परदेशातून आणलेलं प्रक्षेपण करणारं यंत्र आपल्या मनाने लावू नका. त्याला परवाना लागतो. विमानात काहीही न्यायचं ते संस्थेच्या मंजुरीतूनच.

चांदा_ते_आकाश

सर, दादा, मी शिकाऊ आहे, चंद्रपूरची. सरकपट्टीचं वाचून लगेच जाऊन माझी बघितली. बरोबर बाजूला होती.

माझे दोन प्रश्न आहेत.

एक, आवाज म्हणतो ‘टू ओ’क्लॉक’ आणि विमान दिसतं एक आणि दोनच्या मध्ये. हे माझंच बघणं चुकतं की यंत्राचं?

दोन, आवाज आला, पूर्ण बघितलं, काहीच दिसलं नाही. अशा वेळी नेमकं करायचं काय? मैत्रिणींमध्ये यावर प्रत्येकीचं वेगळं उत्तर आहे.

बिरसीवाला

बेटा, पहिल्याचं उत्तर सोपं आहे आणि तुझं बघणं बरोबर आहे. जीपीएसवर चालणारी बरीच यंत्रं तुझं नाक कुठे आहे हे बघत नाहीत, विमान जमिनीवरून कुठल्या दिशेने सरकतंय ते बघतात. आडवा वारा असला की दोन्हींत फरक पडतो. ९० नॉटला आडवा वारा २५ नॉट धर, नाक साधारण १६ अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. घड्याळातला एक तास ३० अंशांचा, म्हणजे चूक अर्ध्या तासाची. म्हणून जोराच्या वाऱ्यात सांगितलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक तास धरून बघायचं.

काही वेळा आवाज दिशा सांगतच नाही, नुसतं जवळ विमान आहे म्हणतो. समोरच्याकडे एडीएस-बी नाही, साधा ट्रान्सपाँडर आहे, तेव्हा रिसीव्हर सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज करतो. दिशा त्याला कळतच नाही. तेव्हा सगळीकडे बघायचं आणि रेडिओवर बोलायचं.

दुसऱ्या प्रश्नावर मी काय शिकवतो ते सांगतो. ‘हाय’ ऐकलं तर चढणं थांबव. ‘लो’ ऐकलं तर उतरणं थांबव. दोन्हींमध्ये आधी बघ. वळत असशील तर पंख सरळ कर, म्हणजे झाकलेली बाजू उघडते. दिसलं नाही तर रेडिओवर आपली जागा, उंची आणि इरादा एका दमात सांग. ‘सेम अल्टिट्यूड’ आणि एक मैलाच्या आत असेल, आणि तरी दिसत नसेल, तर वाट बघत बसू नकोस, जिकडे मोकळं आहे तिकडे उंची बदल. आंधळेपणाने वळू नकोस, कारण त्याचं तोंड कुठे आहे हे तुला माहीत नाही. मात्र हे हवेत ठरवायचं नसतं. तुझ्या प्रशिक्षकांशी जमिनीवर बसून आधी बोलून ठेव, त्यांची पद्धत थोडी वेगळी असेल तर ती पाळ.

टॉवरवरून_निवृत्त

बिरसीवाल्यांच्या उत्तराला एक जोड. जिथे टॉवर आहे तिथे उंची बदलली की लगेच सांगा. नियंत्रकाने तुमच्या वरच्या उंचीवर कुणाला तरी ठेवलेलं असू शकतं. ‘ट्रॅफिक अलर्ट, क्लाइंबिंग’ एवढे शब्द पुरतात. नियंत्रक रागावणार नाही, आणि रागावला तरी खाली उतरल्यावर बोलता येतं.

वऱ्हाडी_पंख

सोनेगाव_हँगर यांची पोस्ट वाचून माझं मत थोडं सरकलं आहे, हे प्रांजळपणे लिहितो. मी जो गोंगाट पाहिला त्यात स्वतःचंच विमान कितीदा होतं, याचा आता विचार करतोय. 

पण एक आग्रह कायम आहे. आवाज नसताना शोधायची सवय आधी लागू द्या. पहिल्या एकट्या उड्डाणापर्यंत काही फेऱ्या आवाज बंद ठेवून कराव्यात, म्हणजे यंत्र बंद पडलं त्या दिवशी मूल बावरणार नाही. यंत्राला न कळणाऱ्या गोष्टीही खूप आहेत. घारी बोलत नाहीत, गिधाडं बोलत नाहीत. 

बिरसीवाला

यावर माझी पूर्ण सहमती. प्रशिक्षक शेजारी असताना बंद ठेवून सराव, एकट्याने जाताना चालू.

आणि तारा. एप्रिल २०१७ मध्ये वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला लागून एक शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. ट्रॅफिकचा कोणताही इशारा तार सांगत नाही. त्यासाठी उंची राखणं हाच उपाय.

बडनेरा_रोड

मी वैमानिक नाही, शिक्षक आहे. माझी मुलगी बारावीनंतर या क्षेत्रात जायचं म्हणते, आणि आम्ही संस्था बघतोय. सगळं वाचलं, अर्धं समजलं, पण भीती वाढली असं नाही, उलट कुणीतरी इतका बारीक विचार करतंय याचा आधार वाटला. फी एवढी भरताना पालकाने संस्थेला या बाबतीत काय विचारावं? आम्हाला जे दाखवतात ते हॉस्टेल आणि सिम्युलेटर.

बिरसीवाला

ताई/सर, प्रश्न फार चांगला. हँगरमध्ये जाऊ द्या म्हणा, आणि ज्या विमानांत विद्यार्थी खरोखर उडतात त्यातलं एक दाखवायला सांगा. तिथे विचारा की या विमानात ट्रॅफिकचा इशारा ऐकू येतो का, आणि तो चालू करून ऐकवा. ताफ्यातल्या सगळ्या विमानांत तो आहे की निवडक, हे विचारा. निवडक असेल तर एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला कोणतं विमान देतात? यंत्र बिघडलं तर विमान उडवतात की थांबवतात, आणि हे ठरवतं कोण? मग एखाद्या विद्यार्थ्याशी बोला आणि त्याला विचारा की सर्किटमध्ये आवाज बंद ठेवायला कुणी सांगतं का. या उत्तरांवरून संस्था यंत्र दाखवायला घेते की वापरायला, हे तुम्हाला कळेल. विमान जुनं असणं वाईट नाही. जुन्या सेस्नातही चांगली यंत्रणा बसवता येते. आधुनिक पडद्यांचं कॉकपिट असून आवाज तळाला खेचलेला असू शकतो.

सोनेगाव_हँगर

आणि देखभालीच्या नोंदवहीत ट्रान्सपाँडरची चाचणी शेवटची कधी झाली, ते विचारा. दाखवायला का-कू करत असतील तर तेही उत्तरच आहे.

धानबांधी

सर, वाचून-वाचून बरंच ध्यानात आलं. आमच्या पांदणीवर दोन्ही बाजूले तूर वाढली का वळणावर समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही, म्हणून हॉर्न देतो. पण समोरच्यानं पण हॉर्न दिला पाहिजे, तसंच आहे हे.

आता माझा एक प्रश्न आहे जी. आमच्या गावात बचत गटाच्या बाईनं फवारणीचं ड्रोन घेतलं आहे. धानावर फवारते. ते ड्रोन तुमच्या कानात बोलते का? आणि तणस जाळते तेव्हा धूर तुमाले त्रास देते का?

बिरसीवाला

भाऊ, ड्रोन बोलत नाही. त्यात एडीएस-बी नसतं, म्हणून आम्हाला ते ऐकूही येत नाही आणि एवढंसं असल्यामुळे दिसतही नाही. फवारणीचं ड्रोन पिकाच्या वर काही फुटांवरच चालतं, तेवढ्याने आम्हाला धोका नाही. धोका होतो तो कुणी उंच उडवून बघायला गेलं तर. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच उडवता येतं. त्याहून जवळ असेल तर आधी परवानगी लागते. कामठा बिरसीच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे ताईंना सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं शेत कोणत्या रंगात पडतं ते आधी बघायला सांगा.

धुराचं म्हणाल तर हो, त्रास होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी वारा नसतो, धूर धुक्यात मिसळून खाली बसतो. त्या दिवसांत समोरचं विमान तीन-चार किलोमीटरवर दिसायचं ते दीडवर दिसतं. वर मांडलेल्या हिशेबाने मग डोळ्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

धानबांधी

समजलं जी. ताईले नकाशा मीच मोबाईलवर दाखवतो. तणसाचं ग्रामसभेत काढून पाहतो. आमच्याकडं अर्धी तणस तर गुराईलेच लागते, उरलेली जाळण्यापेक्षा कोणी उचलून नेणारा भेटला तर लोक देतील. तुमच्या लोकाईकडून कोणी ग्रामसभेत येऊन दोन शब्द सांगितले तर बरं होईल, विमानवाल्यानं सांगितलेलं लोक ऐकतात.

बिरसीवाला

नक्की येतो. तारीख कळवा. चांदा_ते_आकाश, सुट्टीत इकडे येणार असशील तर तूही ये. गावातल्या मुलींनी तुझ्याकडून ऐकलेलं मला जास्त आवडेल.

चांदा_ते_आकाश

येते सर. हेडसेट घेऊन येते, आणि फोनवर इशाऱ्याचा चाचणीचा आवाज भरून आणते. मुलींना खुर्चीवर बसवून, आवाज आला की त्या दिशेला बोट दाखवायचं, असा खेळ आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर करतो. तोच तिथे घेऊ.